दिगूकाकांचा बेस मी मुका केला

दिगूकाकांचा शेवटचा कार्यक्रम मी बुडवला.

ते जाऊन आज वर्ष झालं. ही गोष्ट काकींना माहीत आहे, बाकी कुणाला नाही. म्हणून लिहिते.

काका डबल बेस वाजवायचे. माणसाहून उंच, व्हायोलिनच्या तोंडवळ्याचं वाद्य. उभं राहून वाजवायचं. जुन्या सिनेमाच्या गाण्यांत खाली जो घुमारा चालू असतो आणि जो कुणीच गुणगुणत नाही, तो त्यांचा.

विक्रोळीला कारखान्यात फिटर होते. पहिली पाळी सुटली की रेकॉर्डिंग. शनिवारी जुहूच्या एका हॉटेलात बॅण्ड. लग्नाच्या सीझनमध्ये खाडीपलीकडे मनोरीला, बेस फेरीबोटीत घालून.

एकदा बोटीत एका म्हातारीने कव्हरात आडव्या ठेवलेल्या बेसला मयत समजून हात जोडले. काकांनी तिला काही सांगितलं नाही.

"तिका बरा वाटला, माका बसूक जागा गावली."

मग कीबोर्ड आला. बेसचं काम त्यावर डाव्या हाताच्या दोन बोटांत व्हायला लागलं. रेकॉर्डिंगचे फोन बंद झाले, हॉटेलने बॅण्ड बंद केला. कारखान्याची व्हीआरएस घेऊन काका मुलुंडला शाळेची व्हॅन चालवायला लागले. बारा-तेरा वर्षं चालवली. त्याबद्दल कधी रडगाणं ऐकलं नाही मी. व्हॅनची क्लच प्लेट मात्र त्यांना आयुष्यभर पुरली, बोलायला.

म्हातारपणी शिकवायला लागले. विद्यार्थी एकच. मी. बँकेत नोकरी, घाटकोपरला घर, आणि पहिल्याच दिवशी "काका, गिटार शिकवता का?" असं विचारलेलं.

एवढ्या रेकॉर्ड्सवर वाजवलं, पण कव्हरवर नाव एकदाही नाही. बेसवाल्यांचं नसायचंच.

त्यामुळे दोन वर्षांपूर्वी जुन्या गाण्यांच्या एका शोचं बोलावणं आलं आणि आयोजक म्हणाला, "प्रत्येक वादकाचं नाव स्क्रीनवर येणार," तेव्हा काकांनी पांढरा शर्ट आठवडाभर आधी इस्त्रीला टाकला.

शोच्या आदल्या दिवशी मी नवीन तारांचा सेट घेऊन गेले. सरप्राइज.

काका डॉक्टरकडे गेले होते, बीपी दाखवायला. म्हटलं, येईपर्यंत तारा बदलून टाकू.

डबल बेसच्या पोटात बोटाएवढी जाड एक लाकडी दांडी उभी असते. पुढच्या फळीपासून मागच्या फळीपर्यंत. ती चिकटवलेली नसते, तारांच्या दाबावर उभी असते. म्हणून एक तार काढायची, तिच्या जागी नवी चढवायची, मग दुसरी. काकांनी हे मला इतक्या वेळा सांगितलं होतं की मी ऐकणं सोडून दिलं होतं.

मी चारही काढल्या. खालची धूळ पुसायची होती.

आत ठक्क झालं.

काका आले. पलंगावरच्या तारा बघितल्या. बेस थोडा कलता केला. आत दांडी घरंगळली.

"चारय काढलंस?"

मी हो म्हटलं.

"तुका किती वेळा सांगलंय?"

ती दांडी बेसच्या पोटावरच्या फटीतून वाकड्या लोखंडी तारेने आत नेऊन उभी करावी लागते. काकांचे हात तोवर कापायला लागले होते. वाजवताना कापायचे नाहीत, इतर वेळी कापायचे. दुरुस्तीवाले गोव्याला गेलेले. मग काका टॉर्च धरून बसले आणि मी तार आत घातली. संध्याकाळपर्यंत दांडी किती वेळा पडली, मोजलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी उभी राहिली. तारा ताणल्या, परत पडली.

आयोजकाला फोन मी केला. तो चिडलासुद्धा नाही.

"अहो टेन्शन नका घेऊ यार. कीबोर्डवर बेस मारून घेतो. पब्लिकला काय कळतंय?"

काका तरीही गेले. पांढरा शर्ट घालून, तिसऱ्या रांगेत, काकींच्या शेजारी. स्क्रीनवर त्यांचं नाव आलं तेव्हा स्टेजवर त्यांच्या जागी कुणी नव्हतं, आणि घुमारा कीबोर्डमधून येत होता. लोकांनी टाळ्या वाजवल्या. काकींनीही.

बाहेर आल्यावर काका मला म्हणाले, "बरा वाजला. कोणाक कळूकसुदीक नाय."

त्यांनी राग काढला असता तर मला सोपं गेलं असतं.

पुढे महिनाभर माझा फोन घेतला नाही. मीही घरी जायचं धाडस केलं नाही. मग एका रविवारी त्यांचाच आला.

"ये गो. दांडी बसवक शिक."

दर रविवारी जायचे. ते टॉर्च धरायचे, मी तार फिरवायचे. "डावीकडे. अजून. आता श्वास सोड." कधी कधी नुसतं "हं." पावसाळा गेला त्यात. जमेपर्यंत त्यांचे हात इतके गेले की वाजवायचा गज धरता येईना. तो बेस काकांनी परत वाजवला नाही.

दांडी बसली त्या दिवशी मीच वाजवलं. काका बेसच्या पाठीला तळहात लावून, डोळे मिटून उभे होते. बराच वेळ.

मग म्हणाले, "आता तारो काढ."

"एक एक?"

"चारय."

माझे हात थांबले. काका बघत राहिले. मी चारही काढल्या. आत ठक्क झालं. काकांनी टॉर्च उचलून पेटवला.

"हां. आता परत बसव."

तेव्हाही मी त्यांना सॉरी म्हटलं नाही. म्हणायला हवं होतं. रडू येईल म्हणून म्हटलं नाही, बस्स.

सॉरी, काका.

तुमच्या एकुलत्या एक विद्यार्थिनीचा तुम्हाला नमस्कार.