पायरीवर बसलेली म्हातारी

पेट्रोलचा वास आला की मला नरखेडकडच्या त्या गावातली भर दुपार आठवते. मुलं पळवणारी टोळी आल्याची अफवा उठली होती आणि चादरी विकायला आलेल्या दोन परक्या बायांना लोकांनी ग्रामपंचायतीत कोंडलं होतं. मी तिथली ठाणेदार होते, सोबत एकच शिपाई होता आणि जादा कुमक यायला अर्धा तास होता. दाराला पाठ लावून मी उभी राहिले. आतून बायांचं रडणं ऐकू येत होतं, समोर काठ्या घेतलेला जमाव होता आणि पुढच्या माणसाच्या हातात पेट्रोलची बाटली होती. “मॅडम, बाजूले व्हा, नाई तं तुमालेबी सोडनार नाई!” तो ओरडला. तेवढ्यात मी गावात घ्यायचे त्या महिला सभेत दर वेळी दारूच्या दुकानावरून मला फैलावर घेणारी म्हातारी गर्दीतून आली आणि माझ्या पायाशी पायरीवर बसली. “काहून गा, मलेबी जाळतं काय?” तिने त्याला विचारलं. तो तिचाच लेक होता. त्याचा हात हळूहळू खाली आला आणि कुमकेची गाडी येईपर्यंत कोणीच पुढे सरकलं नाही. दोघी बाया वाचल्या. आता मी निवृत्त आहे, सत्कारांत लोक माझ्या धैर्याबद्दल बोलतात. ती येऊन बसली त्याच्या क्षणभर आधी बाजूला व्हायला मी पाऊल उचललं होतं, हे मात्र मी अजून कोणाला सांगितलेलं नाही.