घमापुरातली खोली

इटारसीला गाडी बदलली, तेव्हा डब्यात देवधरबाई भेटल्या. त्या दिल्लीहून येत होत्या. यजमान सरकारी कारकून. युद्धामुळे त्यांचे सबंध खाते राजधानीतून जबलपूरला हलवले होते. मी वर्तमानपत्रासाठी तेच पाहायला निघालो होतो.

"जागा मिळाल्याची तार आली," त्या म्हणाल्या. "नाही तर लढाई संपेपर्यंत मी पुण्याला भावाकडे जायचं ठरलं होतं." पायाशी पोत्यात बांधलेली शेगडी होती.

सकाळी नर्मदेचे खोरे धुक्यात होते. एकावर एक ठेवून कोणी विसरून गेल्यासारखे काळे खडक धुक्यातून वर येत आणि पुन्हा बुडत. जबलपूर स्टेशनापलीकडे कारखान्यांची धुराडी दिसली. त्यांचे बुंधे धुक्यात असल्यामुळे ती आभाळातून लोंबत असल्यासारखी वाटली.

देवधर न्यायला आले होते. मीही त्यांच्याबरोबर निघालो. त्यांनी आधी खोवे की जलेबी (खव्याची काळसर जिलेबी) खाऊ घातली. मग टांगा त्यांच्या कचेरीवरून गेला. जुन्या पागेत फायलींचे गठ्ठे रचले होते. जागेअभावी टंकलेखक चिंचेखाली बसले होते, आणि कागद उडू नयेत म्हणून त्यांवर संगमरवराचे तुकडे ठेवले होते. दारावरच्या पाटीवर अजून 'नवी दिल्ली' होते. वाऱ्याबरोबर चिंचेचा पाला कागदांवर उतरत होता. तो कोणी झटकत नव्हते.

घमापुरात टांगा थांबला. देवधरांनी खोलीचे दार लोटले. आत एक कुटुंब जेवत होते.

घरमालकीण जानकीबाई बाहेर आल्या. त्यांचे घराणे नागपूरकर भोसल्यांच्या चाकरीपासून इथलेच. देवधर म्हणाले, "तुम्हीच सांगितलंत, खोली रिकामी होऊन राहिली म्हणून!"

"मग? होऊनच राहिली. झाली कुठं म्हटलं मी?"

देवधरांच्या पुणेरी कानाला ती कधीची रिकामी पडलेली वाटली होती. इथल्या बोलीत ती अजून रिकामी होत होती.

जेवणारा गृहस्थ तोफगाड्यांच्या कारखान्यात फिटर होता. तो हात धुऊन उठला. "भाभीजी, हम तो जा ही रहे हैं. बस, क्वार्टर पर छत पड़ जाए."

"दिल्लीत इंग्रजी खलिते लिहिता," देवधरबाई नवऱ्याला म्हणाल्या, "आणि मराठी कळली नाही?"

देवधर हळूच म्हणाले, "संध्याकाळच्या गाडीनं पुण्याला जा. त्यांच्या क्वार्टरवर छत कधी चढेल कोण जाणे."

"काहून जाते ती?" जानकीबाई म्हणाल्या. "पडवी काय शोभेची आहे? चलो, सामान घ्या आत."

देवधरबाईंनी पडवीकडे पाहिले. तिला दोनच बाजूंनी भिंत होती. चिंचेखालच्या कचेरीलाही भिंती नव्हत्या. पण तिथे बसायचा सरकारी हुकूम होता. इथे राहायचा कुणाचा हुकूम नव्हता.

"पाणी कुठून आणायचं?" त्यांनी विचारले.

फिटरची बायको घागर उचलून विहिरीकडे निघाली. देवधरबाई पदर खोचून तिच्या मागे गेल्या.

परतीची गाडी मला दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मिळाली. खात्याच्या स्थलांतराची बातमी लिहून झाली होती. तिच्यात पाग होती, पाटी होती, अधिकाऱ्यांची निवेदने होती. गाडी हलली तेव्हा घमापुराच्या कौलांवर धूर साचत होता. त्यातला एखादा धागा देवधरांच्या पडवीतला असेल. कुठला, ते मात्र गाडीतून ओळखता येत नव्हते. सगळे धूर एकाच उंचीवर मिसळत होते.