बोलून तपासायचा माइक

आज मंगल कार्यालयात एकाने माइकवर टिचकी मारली आणि माझ्या काळजात चर्र झालं. आमच्या माइकच्या कारखान्यात टिचकीला मनाई होती. माइक बोलूनच तपासायचा. मालकांनी गॅरेजात सुरू केलेला कारखाना मोठ्या शेडपर्यंत वाढला. मग बाहेरचा स्वस्त माल आला आणि कारखाना बंद पडला. शेवटचा माइक मी जोडला. मालक म्हणाले, "इंदूबाई, आज तुम्ही बोला." मी नेहमीसारखी नको म्हणून मान हलवली.

"अगं बोल की, माइक काय चावतोय तुला?" शेजारची कमल हसली आणि तिनेच बोलून तो तपासला.

किती गावांची भाषणं, कीर्तनं माझ्या हातच्या माइकांतून गेली असतील. त्यातून माझा आवाज कसा आला असता, ते मात्र आता कळायचं नाही.