वाटाड्याविना कोथिंबीर

लेकीने शाळेसाठी एका जर्मन गिर्यारोहकाचं चरित्र वाचलं आणि आमच्या शारजातल्या घराची शांतता गेली. दीडशे वर्षांपूर्वी हा गृहस्थ वकिली शिकून डोंगरात शिरला. तेव्हा वाटाड्या घेऊनच शिखरावर जायची पद्धत. हा पठ्ठ्या कुणी पाऊलही न ठेवलेले सुळके एकटा चढायचा. पुढे आफ्रिकेत गेला आणि ऐन तारुण्यात, तापाने फणफणलेला असताना, तिथेच संपला.

"बघ, एकट्याने हिंडायचं फळ," मी म्हटलं.

"आई, आय ॲम थर्टीन. मी अजून ग्रोसरीतसुद्धा एकटी गेले नाहीये."

खोटं नव्हतं. इथे आमचं चालणं म्हणजे लिफ्टपासून गाडीपर्यंत. शेवटी नवऱ्याने निवाडा दिला. मागच्या गल्ल्यांतल्या सुपरमार्केटमधून एकटीने कोथिंबीर आणायची, अर्ध्या तासात परत. जमलं तर लायब्ररीतही एकटी जा. नाही जमलं तर दहावीपर्यंत विषय खलास.

ती निघाली. दोन मिनिटांनी कचरा टाकायच्या निमित्ताने मीही निघाले. पहिल्या वळणावर ती दिसली, दुसऱ्यावर नुसती वेणी, तिसऱ्यावर वाळूतलं पार्किंग आणि चार सारख्या इमारती. नऊ वर्षं या भागात राहतेय मी, पण सगळा बघितलाय तो गाडीच्या काचेतून. दोन चकरा मारल्या आणि दोन्ही वेळा त्याच एका अनोळखी कचऱ्याच्या डब्यापाशी परत आले. नवऱ्याला फोन केला असता तर जन्मभर ऐकून घ्यावं लागलं असतं. निमूट लेकीला लावला.

"आई, डोन्ट मूव्ह. समोर काय दिसतंय?"

"सलून. आणि एक मांजर."

ती आली, हातात कोथिंबीर. रस्ता ओलांडताना तिने माझं मनगट घट्ट धरलं. लिफ्टपाशी म्हणाली, "मी आधी जाते. यू कम लेटर."

मी वर पोचले तेव्हा नवरा घड्याळ दाखवत होता. "पंधरा मिनिटं उशीर. बाईसाहेब नापास."

लेक खाली मान घालून कोथिंबीर निवडत होती. डोळे भरलेले, पण तोंडातून चकार शब्द नाही. माझी मलाच लाज वाटली.

"ती वेळेत होती," मी म्हटलं. "मी हरवले होते."

नवरा आठवडाभर हसत होता, ते मी भोगलं. त्या रात्री लेकीला विचारलं, सांगून का नाही टाकलंस?

"मग बाबांनी तुला परत एकटीला कुठे जाऊ दिलं असतं?"