बाईंच्या पेट्यांना कोरडी खोली

मंडळवाल्यांनो, सत्काराला शाल कशाला देताय? बाईंकडे कपडे कमी आहेत का? मंडळाच्या नव्या इमारतीत त्यांच्या पेट्यांना एक कोरडी खोली देतो म्हणाला होतात, भर मांडवात. इमारत उभी राहिली, त्या खोलीत अध्यक्षांचं ऑफिस थाटलं, आणि आता बाईंच्या पंचाहत्तरीचा ग्रंथ काढताय. मला म्हणालात, आजी, तुम्हीपण त्यात चार ओळी लिहा. लिहिते. सगळ्यांना नमस्कार.

सुमित्राबाईंची नि माझी पहिली गाठ त्यांच्या खंडाळ्याच्या बंगल्यापाशी पडली. मी वलवणहून दूध घालायला जायची. एका सकाळी बघते तर दोरीवर केसाळ, शिंगं असलेलं काहीतरी लोंबतंय. मी फाटकातूनच ओरडले, "बाई, काय मारून टांगलंय ह्ये?"

"घाबरू नका, पोशाख आहे. बल्गेरियातल्या खेड्यांत घालतात. मेंढीचं कातडं, कमरेला घंटा. थंडी सरताना गावभर नाचतात, म्हणजे थंडी नि इडापिडा पळते."

"आन् पाऊस पळवायचा हाय का एखादा? लोणावळ्यात त्योच लागंल."

तेव्हा दोघी हसलो.

बाई पुण्यात कॉलेजात शिकवायच्या. नवऱ्याच्या, म्हणजे साहेबांच्या, नोकरीपायी युरोपात राहिल्या, तिथल्या खेड्यापाड्यांत हिंडल्या. सणावाराचे हे पोशाख त्यांनी जमवले. मुखवटे, पेंढ्याचे झगे, उन्हाळ्याच्या जत्रेत पोरी नेसायच्या ते लाल भरतकामाचे एप्रन. तिकडच्या म्हाताऱ्यांनी विश्वासानं हातात दिलेले, कारण त्यांची पोरं घालेनात. दरवर्षी पाऊस सरला की आम्ही दोघी पेट्या गच्चीवर काढायचो, ऊन दाखवायचो, वेखंड नि कडुलिंबाचा पाला घालून परत भरायचो. भरताना बाई एकेकाचं सांगायच्या, हा कुणी घातला, कुठल्या सणाला नाचला. माझ्या गावातल्या माणसांची नावं मी विसरते, ती नाही विसरले.

एकदा एका हॉटेलाचा मॅनेजर आला. "मॅडम, थर्टी फर्स्टला हे आमच्या वेटरना घालू द्या. बदल्यात तुमच्या पेट्यांना एसीची खोली देतो, कायमची."

बाई म्हणाल्या, "ज्यांनी दिले त्यांना काय सांगू? तुमच्या सणाच्या कपड्यात दारू वाढली म्हणून?"

तो गेल्यावर मी चिडले. "घ्यायची हुती की खोली! तुमची ती म्हातारी मान्सं कुटं बघाया येत्यात?"

"म्हणूनच," म्हणाल्या.

आणि बाई माणूस म्हणून कशा, तर एका हिवाळ्यात माझे गुडघे सुजले. बाईंनी पेटीतनं लोकरीच्या पट्ट्या काढल्या, नाचणारे पोटऱ्यांना बांधतात त्या, आणि स्वतः खाली बसून माझ्या पायांना गुंडाळल्या.

"आवो बाई, ह्या तर पेटीतल्या!"

"ज्याच्या होत्या त्याचे पाय थांबले. तुमचे चालू आहेत."

त्या पट्ट्या माझ्याकडे आहेत, म्हणून शाबूत आहेत. बाकीचं ऐका. गेल्या साली पेट्या उघडल्या तर आत बुरशीचा थर. मेंढीच्या कातड्याला हात लावला तर केसांचा पुंजका हातात आला. एप्रन झटकायला गेले, तो मधून फाटला. बाई रडल्या नाहीत. घंटा मांडीवर घेऊन पदरानं पुसत बसल्या. "हिराबाई, एवढ्या घंटा तेवढ्या राहतील," म्हणाल्या. त्या दिवशी कुणाचं काही सांगितलं नाही. तेव्हापासून सांगतच नाहीत.

शेवटी उदंड आयुष्य मागायची रीत आहे. कसं मागू? आणखी जगून बाईंनी काय बघायचं, उरलेल्या पेट्यांचा चिखल? नजर चांगली राहो म्हणावं, तर बुरशी आधी त्यांनाच दिसणार. खोली मिळेल असं मला वाटत नाही. तरी मागते. बाई, धडधाकट राहा, माझ्याआधी जाऊ नका. त्या पेट्या एकटीनं उघडायचं बळ माझ्यात नाही.

आणि खोलीचं उत्तर अध्यक्षांनीच द्यायचं. शाल अंगावर घालायच्या आधी, माइकवर, बाईंच्या तोंडाकडे बघून. सचिवांना पुढं करायचं नाही.