नवव्या गोलाची ओळ

पास्कूकाका गेल्याचं कळलं तेव्हा मी झेरॉक्सच्या दुकानात पत्रकांना घड्या घालत होते. फोनवर मार्थाकाकू एवढंच म्हणाल्या, "झोपेतच गेले गं... रविवारी कामणला जायचं म्हणून स्कूटर पुसून ठेवली होती." त्या कामणच्या फेरीचं कारण मी होते.

काका आमच्या कॉलेजच्या जिमखान्यात शिपाई. मुलांच्या फुटबॉल टीमची वही ठेवायला त्यांना कोणी सांगितलं नव्हतं, पण निवृत्तीनंतरही ते उमेळ्याहून प्रत्येक मॅचला यायचे. गोल कोणाचा, कितव्या मिनिटाला, कोणाच्या पासवर... प्रत्येक गोलाला एक ओळ. जिमखान्यातला विक्रमांचा फलक त्या वहीवरूनच रंगवला जाई. आम्ही मुलींनी पहिल्यांदा टीम उभी केली, मी नऊ गोल मारले आणि वर्षअखेरीस फलकावर आमच्यापैकी एकीचंही नाव नव्हतं. मी पेटले. रात्रीतून पत्रक लिहिलं, सकाळी गेटवर वाटलं, पहिली प्रत काकांच्याच हातात दिली. त्यांनी ती उभ्याउभ्या शेवटपर्यंत वाचली. "बरोबर हाय तुझं, बाय. मुलींच्या मॅचला मी आलोच नाही, ती चूक माझी. पण न बघितलेला गोल लिहू कसा?" मी सांगतेय तो लिहा, मी म्हटलं. ते हसले. "मारणारा वाढवून सांगतो. खाणाऱ्याला विचारायला पाहिजे."

आणि खरंच ते विचारत फिरले. आमच्याविरुद्ध खेळलेल्या गोलकीपर एकेक करून शोधल्या. कोणी सातिवलीत पॅकिंगला, कोणी लग्न होऊन विरारला. दारात उभं राहून, तुम्ही हिचा गोल खाल्लात का, असं सरळ विचारायचे. एकीने तो गोल ऑफसाइड होता म्हणून सांगितलं, तर ओळीखाली तेही लिहिलं. मी चिडले, चार दिवस बोलले नाही. पाचव्या दिवशी माझ्यासमोर वही धरली. "पत्रकात तू तुझंच लिहितेस. वहीत तिचंपण लागतं." त्यानंतर मी पत्रक लिहिलं की मनात आधी त्यांना वाचून दाखवायचे... अजूनही दाखवते.

आठ ओळी भरल्या. उरली अर्नाळ्याची सुनंदा, सध्या कामणच्या गोदामात कामाला.

चर्चमध्ये काकांच्या महिन्याच्या मिस्सेनंतर मार्थाकाकूंनी वही माझ्या हातात ठेवली, आता तूच पुरी कर म्हणाल्या. मी कामणला गेले. जेवणाच्या सुट्टीत सुनंदा डबा घेऊनच बाहेर आली. गोल म्हणताच मान डोलावली. "मीच खाल्ला ना तो. डाव्या पायाने मारलेलास, बोटाला लागून गेला." मग माझ्या मागे रस्त्याकडे पाहत म्हणाली, "पन काका येनार होते ना? फोन केलेला त्यांनी. मी सुट्टी घेऊन थांबलेले त्या रविवारी."

परत येताना वही मांडीवर उघडली. पानात त्यांचं पेन होतं, नवव्या ओळीवर सुनंदाचं नाव त्यांच्याच अक्षरात, पुढे कोरं. टोपण काढलं... सुनंदाचं ते मी ऐकलं होतं, गोल मारणारीने, त्यांनी नाही. टोपण परत लावलं.

यंदा फलकावर आमची नावं येतील. माझ्या नावापुढे मी आठ लिहायला सांगितलंय.