संतू परत का आला नाही?

आत्ती, म्हणजे माझी आत्या, गेल्याचा फोन आला तेव्हा आबा म्हशीला पेंड घालत होते. मी सांगितलं, तसे त्यांनी हात धुतले, टोपी घातली आणि एसटीसाठी रस्त्यावर जाऊन उभे राहिले. थोरल्या बहिणीच्या कोल्हापुरातल्या घरी ते कित्येक वर्षांनी निघाले होते...

शाळेतून निवृत्त झाल्यावर, नव्वदच्या दशकात, आत्तीला मोडी वाचायचा नाद लागला. मूळची चौकस. पाहुण्याचं मूळ-कूळ कळल्याशिवाय ती चहाचं आधण ठेवत नसे. आमचं गाव गारगोटीकडचं. कंपनी सरकारविरुद्धच्या बंडात आमचा राणू फाशी गेला आणि आम्ही त्याचे वंशज, ही आमच्या घरची मिजास. थोरल्या नातवाला आजोबाचं नाव ठेवायची आमची रीत, त्यामुळे घराण्यात एक राणू, एक येसू, पुन्हा राणू, पुन्हा येसू अशी रांगच लागलेली. आबांचं नावही राणूच. जुन्या कागदांत हे सगळे एकमेकांत असे मिसळले होते की आत्तीनं त्यांना टोपणनावंच देऊन टाकली. फाशीचा राणू, भांडखोर येसू, म्हशीचा राणू... शेवटचा अर्थातच तिचा सख्खा भाऊ.

या सगळ्यात एक संतू होता. आमच्या पहिल्या राणूचा बाप म्हणून एकदा आलेला, पुन्हा कधीच नाही. एका दिवाळीत तिनं आबांना विचारलं, "सगळी नावं परत येत्यात. मग ह्यो संतूच कुठं गेला रं? त्याच्या नातवाला त्याचं नाव का न्हाय ठेवलं?"

"आसंल काय तरी. तू फराळ कर की," आबा म्हणाले.

ती कसली ऐकते! कोल्हापूरच्या दप्तरात तिनं महिनोन्‌महिने मान मोडून कागद वाचले. फाशी गेलेला राणू एका जुन्या येसूचा मुलगा होता आणि निपुत्रिक गेला होता. ज्याच्यापासून आमचं घर चाललं तो राणू संतूचा मुलगा. म्हणजे राणू दोन होते, चुलते-पुतणे. आणि फाशीच्या राणूची लपायची जागा दाखवणारा त्याचा सख्खा भाऊ होता... संतू. आम्ही त्याचे वंशज.

आबांनी तेव्हा दारावर लावायला 'हुतात्मा राणूचे वंशज' अशी फरशी कोरून आणली होती. ती बघत आत्तीनं सगळं सांगितलं. आबा कडाडले, "मढी उकरून काय मिळालं गं तुला, आक्का?"

"उत्तर मिळालं की! लोकांनी संतूचं नाव टाकलं, ते समजलं. पण भावाला धरून दिलं त्यानंच आपल्या पोराचं नाव राणू ठेवलं. जलमभर त्या नावानं हाक मारताना त्याचं काय झालं आसंल रं?"

आबांनी फरशी गोठ्यात पालथी टाकली आणि भाऊबीजेला जाणं बंद केलं. मला दोघांचाही राग यायचा. तिला जरा थांबता आलं नसतं का? आणि यांना साधं एवढं सोसू नये? पण तिचा तो प्रश्न माझ्या डोक्यातून कधी गेला नाही. माझ्या मुलाचं नावही रीतीनं राणूच, त्याला हाक मारतानाही तो आठवतो.

परवा, आत्ती गेल्यानंतरच्या पितृपंधरवड्यात, आमच्याकडे म्हाळ झाला. आबा पितरांची नावं घेत पानावर घास ठेवत होते. राणू झाला, येसू झाला. मग थांबले. आणखी एक घास उचलला आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "संतू."

पान छपरावर ठेवून ते कावळ्याची वाट बघत उभे राहिले. शेवटी म्हणाले, "ह्ये आक्कापुढं म्हणाय पायजे होतं."